संगणक आला, रजिस्टर मात्र गेले नाही

सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात आज परिचारिकेच्या टेबलावर संगणक दिसतो. त्याच्या शेजारीच दाखल रुग्णांचे रजिस्टर, औषधांच्या मागणीचे इंडेंट बुक आणि पाळी बदलताना लिहायचे रिपोर्ट बुकही असते. एकाच रुग्णाचे नाव, वय, पत्ता आणि निदान या टेबलावर तीन-चार वेळा हाताने लिहिले जाते आणि त्यानंतर संगणकातही भरले जाते. अनेक खासगी रुग्णालयांतही विमा कंपनीसाठी संगणकातून प्रिंट काढायची, तिच्यावर सही-शिक्का करायचा आणि तीच पुन्हा स्कॅन करून पाठवायची, हा रोजचा परिपाठ आहे. डिजिटल यंत्रणेने काम कमी व्हायला हवे होते. अनेक ठिकाणी ते वाढले आहे.

देशाच्या पातळीवरचा आवाका मोठा आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते देशभर लागू झाले. प्रत्येक नागरिकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळावा, त्याच्या तपासण्या, निदान आणि औषधांच्या नोंदी या क्रमांकाशी जोडल्या जाव्यात आणि त्याच्या संमतीने कोणत्याही डॉक्टरला त्या पाहता याव्यात, ही यामागची कल्पना. ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक तयार झाले आहेत. तरीही जिल्हा रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात पाठवलेला रुग्ण आजही बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊनच येतो. पिशवी घरी राहिली तर तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतात.

ही अडचण का येते, असे विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात. नेट चालत नाही, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण नाही, जुन्या लोकांना संगणकाची सवय नाही. यांत तथ्य आहेच. पण खेड्यापाड्यांतली माणसे मोबाइलवरून पैसे पाठवतात आणि परिचारिका तर हे व्यवहार रोज करतात. त्यामुळे ‘कर्मचारी बदलायला तयार नाहीत’ एवढे निदान पुरत नाही. अशा निदानावर प्रशिक्षणाची शिबिरे भरवत राहणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. जगभरचा अनुभव पाहिला तर डिजिटल बदल अडतो तो बहुतेक वेळा संस्थेच्या वरच्या मजल्यावर.

एक प्रणाली, दोन निकाल

या बाबतीत बालरोगशास्त्रातला एक अनुभव प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात २००२ च्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांचे सर्व आदेश संगणकातून देण्याची प्रणाली सुरू झाली. संपूर्ण रुग्णालयातील कागदी आदेश अवघ्या सहा दिवसांत बंद करण्यात आले. दुसऱ्या रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत आणलेल्या १,९४२ मुलांच्या नोंदी तिथल्या डॉक्टरांनी नंतर तपासल्या आणि निष्कर्ष २००५ च्या डिसेंबरमध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात छापले. प्रणाली येण्यापूर्वी या मुलांतील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले.

असे का झाले असावे, हेही या डॉक्टरांनी मोकळेपणाने लिहिले. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधे आणि तपासण्या सांगून ठेवत. मूल दारात येईपर्यंत सगळे तयार असे. नव्या प्रणालीत मूल प्रत्यक्ष पोहोचून त्याची नोंदणी झाल्याशिवाय आदेशच देता येईना. पूर्वी कागदावर काही सेकंदांत होणाऱ्या आदेशाला एक-दोन मिनिटे लागू लागली, आणि मूल आल्यानंतरच्या मोलाच्या वेळात एक डॉक्टर संगणकासमोर अडकून पडू लागला. अतिदक्षता विभागातला औषधांचा साठा त्याच सुमारास मध्यवर्ती औषध विभागात हलवला गेला होता. त्यामुळे तातडीचे औषध हाताशी राहिले नाही. अतिदक्षता विभागासाठी नेहमी लागणाऱ्या आदेशांचे तयार संचही प्रणालीत नव्हते.

सिएटलच्या बाल रुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली बसवली. तिथे अतिदक्षता विभागासाठीचे आदेशसंच आधीच तयार करून ठेवले होते. २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण ४.२२ वरून ३.४६ टक्क्यांवर आले होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक निर्णायक नव्हता, पण मृत्यू वाढले नव्हते हे नक्की. पुढे २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या बाल रुग्णालयाने अशाच स्वरूपाच्या प्रणालीनंतर मृत्यूदर २० टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले.

हे सर्व अभ्यास ‘आधी आणि नंतर’ अशा तुलनेचे आहेत. त्यांत इतर कारणांचाही हात असू शकतो, आणि पिट्सबर्गच्या आकड्यांवर त्या वेळी बराच वादही झाला. तरीही एक गोष्ट उरतेच. एकाच कंपनीची प्रणाली एका ठिकाणी घातक ठरल्याचा संशय यावा आणि दुसऱ्या ठिकाणी तसे काही घडू नये, याचा अर्थ फरक प्रणालीबाहेर होता. औषधांचा साठा कुठे ठेवायचा, रुग्ण येण्यापूर्वी त्याची नोंदणी करू द्यायची की नाही, आदेशसंच तयार होईपर्यंत थांबायचे की नाही, हे निर्णय संगणक विभागाच्या हातात नसतात. ते रुग्णालयाच्या प्रमुखांनी घ्यायचे असतात.

गिरणीतला जुना दांडा

उद्योगांच्या इतिहासातही हेच घडले आहे. संगणक सगळीकडे दिसतात, पण उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र दिसत नाहीत, असे निरीक्षण अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये नोंदवले. त्याचा उलगडा करताना स्टॅनफर्डचे आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेचा दाखला दिला. वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. त्याच्यावर फिरणारा लांब दांडा छताखालून जाई आणि पट्ट्यांनी सगळी यंत्रे त्याला जोडलेली असत. एडिसनची वीजकेंद्रे १८८२ मध्ये सुरू झाली. त्यानंतर अनेक कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली. दांडा, पट्टे आणि यंत्रांची मांडणी तशीच राहिली. फायदा जेमतेम झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कामाच्या क्रमाने यंत्रे मांडायला कित्येक वर्षे गेली, आणि उत्पादकतेतली मोठी वाढ १९२० च्या दशकात दिसली.

रुग्णालयातले रजिस्टर हा असाच जुना दांडा आहे. तो काढायचा तर मांडणी बदलावी लागते, आणि मांडणी बदलण्याचा अधिकार यंत्र चालवणाऱ्याला नसतो. परिचारिका रजिस्टर बंद करू शकत नाही, कारण उद्या लेखापरीक्षणात किंवा चौकशीत तेच मागितले जाईल हे तिला ठाऊक असते. डेटा एंट्री ऑपरेटर ते बंद करू शकत नाही. सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी तर नाहीच नाही. ‘अमुक तारखेपासून ही वही बंद, संगणकातली नोंद हीच अधिकृत नोंद’ असे लेखी देऊ शकतात ते अधिष्ठाता, अधीक्षक, संचालक किंवा सचिव. ही सही होत नाही तोवर दोन्ही कामे चालू राहतात.

मात्र नुसती घाईची सही हाही उपाय नाही. पिट्सबर्गला कागद बंद झाला, पण त्याभोवतीची मांडणी वेळेत बदलली नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कागद बंदच होत नाही. दोन्हीकडे अडलेला निर्णय वरचाच आहे.

खरेदी म्हणजे बदल नव्हे

नेतृत्वाच्या पातळीवरच्या अडथळ्यांत पहिला येतो तो खरेदीचा. निविदा निघाली, संगणक आले, फीत कापली की काम झाले असे मानले जाते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००२ मध्ये सर्व रुग्णालये एका संगणकीय व्यवस्थेत आणण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. कंत्राटे झपाट्याने दिली गेली. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ती व्यवस्था वापरायची त्यांना फारसे विचारले गेले नाही. २०११ मध्ये तो कार्यक्रम मोडीत काढावा लागला, आणि तोवरचा खर्च सुमारे १० अब्ज पौंडांच्या घरात गेल्याचे तिथल्या संसदीय लोकलेखा समितीने २०१३ मध्ये नोंदवले.

महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी याची वेगळी बाजू पाहिली आहे. तिथे अनेक वर्षे चाललेली एचएमआयएस ही संगणक प्रणाली शासन आणि कंत्राटदार कंपनी यांच्यातील वादानंतर २०२२ मध्ये बंद पडली. केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. कंत्राट संपले तर नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील आणि नव्या प्रणालीत त्या कशा नेता येतील, हे प्रश्न कराराच्या पहिल्या दिवशी विचारायचे असतात. ते तांत्रिक वाटतात म्हणून प्रमुख ते खाली सोपवतात, आणि खालच्याला त्यांवर निर्णय घेण्याचा अधिकार नसतो.

दुसरा अडथळा वागणुकीचा. प्रमुख स्वतः प्रणाली वापरत नसेल तर विभागात ती रुजत नाही. राउंडला आलेले वरिष्ठ रक्ताचा अहवाल पडद्यावर न पाहता ‘कागद कुठे आहे’ म्हणून विचारतात. मग निवासी डॉक्टर प्रिंट काढून फाइलला लावतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पडद्याकडे कोणीच पाहत नाही. बैठकीसाठीची आकडेवारी प्रणालीत असते, तरी ती वेगळ्या तक्त्यात भरून मागवली जाते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिसरा अडथळा मोजण्याचा. जे मोजले जाते ते केले जाते. किती आभा क्रमांक काढले हे विचारले तर आभा क्रमांक निघतात. त्यांतल्या किती क्रमांकांवर उपचारांच्या नोंदी जोडल्या गेल्या, आणि किती डॉक्टरांनी त्या उघडून पाहून एखादी तपासणी किंवा चुकीचे औषध टाळले, हे विचारले जात नाही. आशा कार्यकर्त्यांच्या आंदोलनांत ‘ऑनलाइन कामाची सक्ती नको’ ही मागणी वारंवार येते. तिच्याकडे तंत्रज्ञानाचा विरोध म्हणून पाहणे चूक आहे. वही भरायची, ॲप भरायचे, वर व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवायचा आणि या सगळ्यात गरोदर बाईच्या घरी जायला वेळ काढायचा, या परिस्थितीबद्दलची ती तक्रार आहे.

वाईट बातमी वर का जात नाही

चौथा अडथळा सर्वांत धोक्याचा. नव्या यंत्रणेत काय बिघडते आहे हे सर्वांत आधी खालच्या माणसाला कळते, पण प्रकल्प प्रमुखांच्या प्रतिष्ठेचा झाला असेल तर ते सांगण्याची हिंमत कोणी करत नाही. लॉस एंजेलिसमधील सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात २००३ च्या जानेवारीत नवी आदेशप्रणाली अवघ्या काही महिन्यांत थांबवावी लागली. साध्या आदेशाला वेळ लागतो, अनावश्यक इशाऱ्यांचा भडिमार होतो, अशा तक्रारी घेऊन शेकडो डॉक्टर उभे राहिले. नाचक्की झाली, पण व्यवस्थापनाने ऐकले आणि थांबले. मोठे नुकसान टळले.

न ऐकल्याची किंमत ब्रिटिश टपाल खात्याने दाखवून दिली. १९९९ पासून बसवलेल्या ‘होरायझन’ या हिशेब प्रणालीतल्या दोषांमुळे टपाल केंद्रांच्या हिशेबात खोटी तूट दिसत असे. केंद्रचालक सांगत होते, पण व्यवस्थापनाने यंत्रावर विश्वास ठेवला आणि माणसांवर खटले भरले. ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. त्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला.

सुरक्षेचा प्रश्नही इथेच येतो. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला सुमारे दोन आठवडे कागदावर काम करावे लागले. संगणकांचे जाळे योग्य प्रकारे विभागलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितले. जाळे विभागणे हे अभियंत्याचे काम आहे. त्यासाठी पैसा, माणसे आणि काही तास यंत्रणा बंद ठेवण्याची परवानगी देणे हे प्रमुखांचे. वॉर्डात सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड वापरायचा, ही अनेक ठिकाणची सवयही यातच मोडते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेची पुरेशी व्यवस्था न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ‘ते आयटीवाले बघतात’ हे उत्तर यापुढे परवडणारे नाही.

काय जमले आणि का

याच देशात काही गोष्टी चांगल्या चालल्या. कोविड लसीकरणासाठीचे को-विन हे त्यांतले ठळक उदाहरण. काम एकच होते, जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होते आणि संगणकातले प्रमाणपत्र हेच अधिकृत प्रमाणपत्र असे पहिल्यापासून ठरले होते. १८ ते ४४ वयोगटाला फक्त ऑनलाइन नोंदणीची सक्ती केल्यावर स्मार्टफोन नसलेली माणसे मागे पडत आहेत हे दिसले, तेव्हा २०२१ च्या मे महिन्यात सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा दिली गेली. चुकलेला नियम बदलण्याचे काम वरूनच झाले.

बाह्यरुग्ण विभागातली ‘स्कॅन अँड शेअर’ ही सोय २०२२ पासून सुरू झाली. रुग्ण मोबाइलवरून क्यूआर कोड स्कॅन करतो, त्याची माहिती काउंटरवर पोहोचते आणि त्याला टोकन मिळते. केसपेपरच्या रांगेतला वेळ त्यामुळे वाचतो. पण ओपीडीची वेळ आणि डॉक्टरांची संख्या तीच राहिली, तर रांग काउंटरवरून उठून डॉक्टरांच्या दाराशी जाते. तिथली मांडणी बदलणे हा पुन्हा प्रमुखांचाच प्रश्न.

ब्रिटनमधील अपयशानंतर तिथल्या सरकारने अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार गट नेमला. २०१६ च्या त्यांच्या अहवालात भर होता तो घाई न करण्यावर आणि संगणकही कळतो, रुग्णही कळतो अशा डॉक्टर-परिचारिकांना अधिकार आणि वेळ देण्यावर. आपल्याकडे हे काम एखाद्या उत्साही सहायक प्राध्यापकाच्या गळ्यात ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून पडते. ओपीडी, वॉर्ड आणि शिकवणे सांभाळून तो ते करतो. त्याची बदली झाली की येरे माझ्या मागल्या.

प्रमुखांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. अनेक अधिष्ठात्यांकडे पद प्रभारी असते, ते केव्हा जाईल याची शाश्वती नसते. खरेदीचे मोठे निर्णय त्यांच्या हातात नसतात. न्यायालयात किंवा चौकशीत कागद मागितला गेला तर संगणकातली नोंद चालेल का, याची धास्ती असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० पासून इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली आहे, पण ती मान्यता लेखापरीक्षकाच्या टेबलापर्यंत पोहोचलेली नाही. आणि उत्तम शल्यचिकित्सक असल्याने माणूस विभागप्रमुख होतो, संस्थेतला बदल कसा घडवायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून बदलाची सुरुवात मंत्रालयाच्या आणि संचालनालयाच्या पातळीवर व्हावी लागेल. कोणत्या नोंदवह्या बंद करता येतील याची यादी काढणे, लेखापरीक्षणाचे नियम त्यानुसार बदलणे आणि प्रमुखाला किमान कार्यकाळ देणे, या तीन गोष्टींना नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

वॉर्डातल्या एका परिचारिकेवर अनेकदा तीस-चाळीस रुग्णांची जबाबदारी असते. दुहेरी नोंदींत तिचा एक तास गेला तर तो तास सलाइनकडे लक्ष देण्याचा, नाडी पाहण्याचा, ताप चढलेल्या मुलाकडे वळण्याचा असतो. म्हणून नव्या प्रणालीचे उद्घाटन करणाऱ्याला, मग ते रुग्णालय असो, बँक असो की कारखाना, काही साधे प्रश्न विचारायला हवेत. यामुळे कोणती वही कोणत्या तारखेला बंद होणार? आदेशावर सही कोणाची? प्रमुख स्वतः ही प्रणाली रोज उघडतात का? बिघाड सांगणाऱ्याचे ऐकायला कोण बसले आहे? आणि सर्व्हर बंद पडला तर त्या रात्री काम कसे चालेल? या प्रश्नांची उत्तरे फीत कापण्याआधी मिळाली, तर प्रणाली महाग असो वा स्वस्त, तिचा उपयोग होण्याची शक्यता बरीच वाढते.